सख्खा पाय, सावत्र पाय

७ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

फार प्रेम उतू चाललंय म्हणून लिहितोय असं समजू नका. इथे दर रविवारी न्याहारीनंतर आम्हां सगळ्या नव्या पोरांना एका खोलीत बसवतात, पुढ्यात कागद टाकतात आणि म्हणतात, घरी लिहा. बाहेर पडताना पाकिटं मोजून घेतात. आत काय लिहिलंय ते कुणी बघत नाही, पण एक पाकीट कमी भरलं की अख्ख्या बरॅकचं जेवण लांबतं. माझ्यामुळे सगळे उपाशी राहिले तर ते मला कच्चा खातील. आईला लिहावं म्हटलं, तर तिला वाचता येत नाही. वाचून दाखवणार तुम्हीच. मग मधला दलाल कशाला? जिथे आईला सांगायचं नसेल तिथे मी 'इथे खोका' असं लिहीन. तुम्ही खोका आणि पुढची ओळ गिळून टाका.

तर मी मजेत आहे. केस गेले. आरशात पाहिलं तेव्हा कळलं की माझे कान केवढे आहेत. सतरा वर्षं केसांनी अब्रू झाकली होती. ही देणगी तुमचीच. इथे मैदान चालत ओलांडायचं नाही, धावायचं. जिन्यावर धावायचं, न्हाणीघरात धावायचं, जेवायला धावायचं आणि ते पोटात हिंदकळत असतानाच पुन्हा धावायचं. चादरीवर सुरकुती दिसली की गादी खिडकीतून खाली जाते आणि आपण तिच्यामागे जिन्याने. माझ्या शेजारच्या खाटेवर एक पोरगा आहे, त्याचं नाव पहिल्याच दिवशी 'जांभई' पडलं. तो सावधानमध्ये उभा राहूनसुद्धा झोपू शकतो. मला मात्र पाठ टेकली तरी स्वस्थ पडवत नाही. पाय आपोआप हलत राहतात.

इथे खोका. टाचांची सालं निघाली आहेत. तुम्ही असतात तर बुटात बोट घालून कुठे घासतंय ते सांगितलं असतंत. इथला मोची म्हणतो, बूट बरोबर आहेत, पाय बदल. मी त्याला म्हणणार होतो, आमच्या घरी तीही सोय आहे. पण म्हटलं, जाऊ दे.

निघालो त्या दिवशी तुम्ही रंधा थांबवला नाहीत. बसा मग रुसून. 'लढाईच्या जिवावर पोट भरता आणि लढाईलाच शिव्या देता' असं मी म्हणालो ते मागे घेत नाही, कारण ते खरं आहे. लाकडी पाय बसवून घ्यायला आपल्या अंगणात इतके शिपाई आले, त्यांतला एकही पलटणीबद्दल वावगं बोलला नाही. तुम्ही म्हणायचात, जेवढं बोलता येतं तेवढंच बोलतात ते. असेल. मी त्यांच्या तोंडून जे ऐकलं त्याने माझ्या अंगावर काटा यायचा आणि मला इथे यायचं होतं. आलो. मामाने पालक म्हणून सही केली म्हणून त्याच्यावर डूख धरू नका. मी त्याचं डोकं खाल्लं होतं.

२७ तारखेला शपथ आहे. तोवर आम्ही कच्चे. मोठ्या साहेबांच्या मनात आलं तर त्याच क्षणी घरी. शपथ झाली की पक्के. म्हणजे तीन आठवडे सांभाळून वागायचं. तुम्हांला ठाऊक आहे, मला ते कितपत जमतं.


१४ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

आईला सांगा, वजन वाढलंय. (इथे खोका. उतरलंय.)

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण आज सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणालाच, आईलाही, सांगता येणार नाही, हा माझ्या नशिबाचा विनोद.

आमच्या कवायतीच्या उस्तादांना सगळे 'ओळंबा' म्हणतात. गवंड्याने दोरीला वजन लावून सोडावं तसा माणूस सरळ. उभा राहिला की त्याच्यावरून भिंत बांधून घ्यावी. मिशा पांढऱ्या, पण आवाज असा की 'डावा! डावा!' म्हणाला की पलीकडच्या गल्लीतली माणसंही डावा पाय टाकत असतील. पहिल्या दिवसापासून मला ते फार आवडले. मला व्हायचंय ते असंच काहीतरी.

तर परवा मी त्यांच्या मागोमाग फरसबंदीवरून जात होतो. त्यांचे बूट वाजत होते. उजवा नीट वाजायचा. डाव्याची टाच टेकायची, आणि चवडा जमिनीवर यायच्या आधी बारीक, दबका 'थप' असा आवाज यायचा. माझे कान उगाच मोठे नाहीत. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. घोट्याच्या बिजागरीतला लोकरीचा नमदा वर्षानुवर्षं दबून पातळ झाला की येतो तो. बाकीचे लोक बिजागरीत कातडं घालतात आणि ते कुरकुरतं. नमदा घालणारे तुम्ही एकटेच.

बाबा, ओळंबाचा डावा पाय सावत्र आहे. आणि तो तुमच्या हातचा आहे.

तेव्हापासून मला चैन नाही. आपल्या अंगणातल्या त्या तीन पायऱ्या सारख्या आठवतात. खाली मी हात पुढे करून उभं राहायचं आणि पाय बसवून घेतलेल्या माणसाला सांगायचं, 'चढताना सख्खा, उतरताना सावत्र.' मला वाटायचं सगळ्या जगात लाकडी पायाला सावत्रच म्हणतात. इथे कुणाला काही पत्ता नाही. साहेबांना नाही, नव्याने आलेल्या डॉक्टरला नाही. पाय गेलेल्या माणसाला नोकरीत ठेवत नाहीत, तसा नियमच आहे. कळलं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवतील. म्हणून तर त्यांची आंघोळ सगळ्यांच्या आधी उरकलेली असते, आणि बुटाशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. जांभई म्हणतो, ते बुटासकट जन्मले.

मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही केलेली वस्तू इथे रोज सगळ्यांच्या पुढे ताठ चालते आणि त्या चालीवर आम्ही चालायला शिकतो, याची मला गंमत वाटली. अभिमानही वाटला. ही शेवटची ओळ आईला वाचून दाखवा, तुम्ही ऐकू नका.


१७ फेब्रुवारी

बाबा,

आज रविवार नाही. हा कागद जांभईकडून उसना घेतलाय. आईला यातलं काहीच वाचू नका, नाहीतर खोकून खोकून तुमचा घसा बसेल.

मी घाण करून ठेवली आहे.

काल मोठे साहेब पाहणीला आले होते. वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांवर आम्हांला दोन्ही बाजूंना उभं केलं होतं. पायऱ्या सकाळीच धुतल्या होत्या, ओल्या होत्या. ओळंबा वरून निशाण घेऊन उतरणार होते, दोन्ही हातांत काठी, कठडा धरायची सोय नाही. मोठे साहेब आणि डॉक्टर खाली उभे. मी तिसऱ्या पायरीवर. आणि ओळंबांनी सख्खा पाय उचलला! ओला दगड, हात अडकलेले, सगळा भार सावत्रावर आणि सख्खा आधी खाली! बाबा, मी विचार केला नाही. केला असता तर गप्प राहिलो असतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी सावत्र!" आणि हात पुढे झाला. कोपरात वाकवलेला, मूठ घट्ट, तुम्ही शिकवलात तसा.

इतकंच झालं असतं तरी निभावलं असतं. पण ओळंबांनी ऐकलं! उचललेला पाय मागे घेतला, निशाण एका हातात धरलं, दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि डावा पाय आधी खाली टाकला. अगदी आपल्या अंगणात टाकतात तसा. तुम्ही एकदा शिकवलेलं त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की हुकूम ऐकल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. आम्ही दोघं एक पायरी उतरलो आणि मग दोघांनाही कळलं की आपण कुठे आहोत.

पोरांत खसखस पिकली. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टर मात्र हसला नाही. तो ओळंबाच्या डाव्या बुटाकडे बघत होता.

आज कवायत संपल्यावर ओळंबांनी मला शस्त्रागारात बोलावलं. मी म्हटलं, आता सालटं निघणार. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, "कुणाचा रे तू?"

"सुताराचा, उस्ताद."

"ते कागदावर. मी विचारतोय कुणाचा?"

मी तुमचं नाव सांगितलं. ते पेटाऱ्यावर बसले आणि हसायलाच लागले. "तरीच! कान बघून मला वाटलंच होतं." मग त्यांनी बूट काढला. बाबा, खुंट रोडावलाय. लाकडी पायाच्या वाटीत घट्ट बसावा म्हणून ते तीन-तीन मोजे घालतात. कडेला कातडी सोलवटून लाल झाली आहे. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली आहेत. तुम्ही पाहिलं असतंत तर त्यांना कान धरून उभं केलं असतंत.

मी म्हटलं, "दाखवायला का नाही आलात?"

"तुझा बाप म्हणाला होता, दर दोन वर्षांनी येत जा. मी म्हटलं, येतो. पण आलो असतो तर पाय नाही हे पुन्हा ध्यानात आलं असतं. इथे दिवस दिवस मी विसरलेला असतो."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला आहे. इथल्या जुन्या डॉक्टरला होतं, त्याने ते कागदावर येऊ दिलं नाही. मुलींना नाही. सासूलाही नाही, आणि ती आमच्यातच राहते. आता तूच ठरव मी किती सांभाळलंय ते."

रागावले नाहीत. एक शब्दही लागेल असा बोलले नाहीत. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

नमदा पाठवा. आणि मांडीचा पट्टा, आणि वाटीच्या आत लावायचं मऊ अस्तर. मला घाई आहे, बाबा. माझ्यासाठी मागत नाहीये, तेव्हा मला काही द्यायचं नाही ही तुमची शपथ मोडणार नाही.


२१ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

डॉक्टरने तक्रार केली. त्याचं म्हणणं, उस्तादांचे बूट उतरवून पाय तपासावेत. मोठे साहेब म्हणाले, नुसत्या संशयावरून मी माझ्या उस्तादाला बूट उतरवायला सांगणार नाही, आधी त्या पोराला विचारू. गुरुवारी चौकशी आहे. 'आधी सावत्र' म्हणजे काय आणि हात का पुढे केला, ते मी सांगायचंय.

खरं सांगितलं तर ओळंबा गेले. चेष्टा केली म्हटलं तर मी गेलो, कारण हातात निशाण असलेल्या उस्तादाची साहेबांसमोर चेष्टा करणाऱ्या कच्च्या पोराला इथे कुणी ठेवणार नाही. तिसरी वाट मी सगळीकडे शोधली. जांभईला नुसतं एवढंच विचारलं की अमुक असं झालं तर काय करावं. तो म्हणाला, "झोपावं." आणि झोपला.

ओळंबा कवायतीला नेहमीसारखेच ओरडतात. माझ्याकडे जास्त बघत नाहीत आणि कमीही बघत नाहीत.

मला घरी यायचं नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. मला ही धावपळ आवडते, ही ओरड आवडते, मला इथे पक्कं व्हायचंय आणि फक्त सहा दिवस राहिले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा सल्ला हवाय. एक ओळ लिहा. 'खरं बोल' किंवा 'खोटं बोल'. दोन शब्द. तुम्हांला जड जाणार नाहीत.


२३ फेब्रुवारी

बाबा,

पुडकं मिळालं. नमद्याच्या चकत्या, पट्टा, अस्तर, छोटा पेचकस, वर चोळायला तेलाची डबी. सगळं कसं नीट गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही. मी पुडकं उलटं केलं, झटकलं, वेष्टनाचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यांच्या पायाला तुम्ही तेलसुद्धा पाठवलंत आणि मला दोन शब्द नाहीत! मीही एखादा पाय घालवून बसायला हवं होतं, म्हणजे विचारपूस झाली असती.

माझं रविवारचं पत्र तुम्हांला पोचलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालतोय. पुडकं आधी निघालं असेल. असेल ना?

दुपारी शस्त्रागारात मी पाय दुरुस्त केला. तुम्ही मला बिजागरीला कधी हात लावू दिला नाहीत, लावला. जुना नमदा निघाला तो कागदाइतका पातळ होता. नवा बसवला, अस्तर लावलं, पट्टा आवळला. ओळंबा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले आणि मी डोळे मिटून ऐकत राहिलो. काही ऐकू आलं नाही. दोन्ही बूट सख्खे.

"बापाने काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"पाय बसवून घ्यायला होतो तेव्हा माझ्याशीही महिनाभरात दहा-बारा शब्द बोलला असेल. त्यातले निम्मे 'दुखतंय का?' हेच."

मला रडायला आलं, म्हणून मी पेचकस शोधायला खाली वाकलो. मलाही कुणीतरी विचारा की, दुखतंय का.

मग ते म्हणाले, "परवा काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ते "बरं" म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. खोटं बोल म्हणाले नाहीत. खरं बोल, मी बघून घेईन, असंही म्हणाले नाहीत. दोन्हीपैकी काहीतरी म्हणायला हवं होतं की नाही? एवढी तीन-तीन मोठी माणसं माझ्या आयुष्यात, तुम्ही, मामा, ओळंबा, आणि ऐन वेळी सगळ्यांची दातखीळ बसते.


२६ फेब्रुवारी, स्टेशनावरून

बाबा,

इथे खोका, आणि शेवटपर्यंत खोकत राहा.

काल साहेबांच्या खोलीत मोठे साहेब, डॉक्टर, ओळंबा आणि मी. पंख्याचं एक पातं वाकडं आहे, ते कटकट करत होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय म्हणालास तू त्या दिवशी?"

"आधी सावत्र, साहेब."

"म्हणजे काय?"

तिथे जाईपर्यंत माझं खरंच ठरलं नव्हतं. मी ओळंबाकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. आणि मी बोलायला लागलो. म्हटलं, "उस्ताद सारखे डाव्या पायाच्याच मागे लागतात, साहेब. डावा! डावा! उजव्याला कधी काही म्हणत नाहीत. म्हणून आम्ही पोरं डाव्या पायाला सावत्र म्हणतो. मी त्यांची चेष्टा केली."

"आणि हात?"

"म्हाताऱ्याला देतात तसा दिला, साहेब. चेष्टेतच."

मोठे साहेब ओळंबाकडे वळले. "आणि तुम्ही तो धरलात?"

"पायरी ओली होती, साहेब," ओळंबा म्हणाले. "निशाण खाली पडू नये म्हणून मिळेल तो हात धरला." आवाज नेहमीसारखाच, खणखणीत.

डॉक्टर म्हणाला, "साहेब, तरीही बूट..." मोठ्या साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि ओळंबांना म्हणाले, दारापर्यंत जाऊन या. ओळंबा गेले, वळले, आले. बाबा, काय चाल होती! तुमचा नमदा, तुमचं लाकूड, आणि मी लावलेलं अस्तर. त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं आपण काय बघतोय ते, आणि त्या अवस्थेतही माझा ऊर भरून आला. मोठे साहेब डॉक्टरला म्हणाले, "समाधान?" डॉक्टरने नाइलाजाने मान डोलावली. मग त्यांनी मला विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "सुतार." खोटं नाही ते.

"त्यांनी मोठ्या माणसांशी कसं वागावं हे शिकवलं नाही?"

'नाही शिकवलं' असं म्हणायचं होतं. तेवढं मला जमलं नाही.

"शपथेला दोन दिवस राहिले होते, पोरा," ते म्हणाले. खरंच वाईट वाटून म्हणाले. "सकाळी निघ."

मी अजूनही ओळंबाकडे बघत होतो. तुमच्यापासून काय लपवू? मला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं, हा माणूस आता तोंड उघडेल. म्हणेल, थांबा साहेब, पोरगं खोटं बोलतंय. वाकून बूट काढेल आणि टेबलावर ठेवेल. मी खोटं बोललो ते मोठ्या मनाने नाही, या खात्रीने बोललो की ते मला बुडू देणार नाहीत. त्यांनी बुडू दिलं. त्यांना तीन मुली आहेत, बायको आहे, सासू आहे, मला सगळं कळतं. कळून राग थोडाच जातो? त्यांच्या जागी मी असतो तर बोललो असतो का, याचा विचार मी सकाळपासून करतोय, आणि मला शपथेवर काही सांगता येत नाही.

आज सकाळी पेटी घेऊन निघालो तेव्हा कवायत चालू होती. मी मैदान चालत ओलांडलं. धाव म्हणून कुणी ओरडलं नाही. जांभई पहिल्या रांगेत होता आणि पहिल्यांदाच टक्क जागा होता. ओळंबांनी मान वळवली नाही. "डावा! डावा!" चालू होतं. फाटकाबाहेर, रस्ता ओलांडेपर्यंत मी त्या आवाजावर पावलं टाकत होतो, आणि ते लक्षात आल्यावर मुद्दाम पाय चुकवला.

मी दोन दिवस मामाकडे राहतो, म्हणजे हे पत्र माझ्या आधी पोचेल. आईला सांगा, पोराने वात्रटपणा केला म्हणून काढून टाकलं. गावातही तेच सांगा. तिला लाज वाटेल, शेजारीपाजारी बोलतील, मामा कपाळाला हात लावेल. खरं तिच्याजवळसुद्धा बोलायचं नाही, कारण आई शेजारणीपासून काही लपवू शकत नाही. तुम्ही मला वात्रट म्हणा. चारचौघांत दोन शिव्या द्या. मी ऐकून घेईन.

मी शिपाई होणार नाही. हे लिहायला मला तीन गाड्या जाऊ द्याव्या लागल्या. दुसऱ्या कुठल्या पलटणीत मला आता घेणार नाहीत. दाखल्यावर शेरा आहे. आपल्या कारखान्यात तुमच्या शेजारी बसेन की नाही, ते मला आज विचारू नका.

एकच मागणं आहे. मी परत यावं असं तुम्हांला वाटत होतं, पहिल्या दिवसापासून, रंधा चालवताना, पुडकं बांधताना, सगळा वेळ. तेव्हा मी धडधाकट, दोन्ही पायांवर दारात उभा राहिलो की तुमच्या चेहऱ्यावर काय येईल ते मला आत्ताच दिसतंय. त्यात तुमची काही चूक नाही. पण बाबा, तो आनंद मला दाखवू नका. एक दिवस तरी दाखवू नका.